‘कूस’, ‘ऊस’ आणि ‘पुसणे’ : भाषेतील बदलाचा माग कसा काढावा

मराठीत ‘पुसणे’ हे क्रियापद दोन वेगळी कामे करते. आपण पाटी पुसतो, आणि ‘त्याला आता कोणी पुसत नाही’ असेही म्हणतो. पहिल्या ठिकाणी अर्थ आहे स्वच्छ करणे, दुसऱ्या ठिकाणी विचारणे. मनातील शंका ‘पुसून’ टाकायची म्हणून विचारण्याला पुसणे म्हणतात, अशी उपपत्ती मी एका व्याख्यानात अत्यंत गांभीर्याने मांडलेली ऐकली आहे आणि श्रोत्यांनी तिला टाळ्याही दिल्या होत्या. ती चुकीची आहे. शेजारच्या हिंदीकडे पाहिले तरी संशय यावा, कारण तिथे या दोन कामांसाठी ‘पोंछना’ आणि ‘पूछना’ असे दोन शब्द आहेत. मराठीत ते एक कसे झाले, याचे उत्तर कल्पनेने मिळत नाही. त्यासाठी एक ठरलेली रीत आहे, आणि ती घरबसल्या, दोनतीन कोशांच्या आणि एका वहीच्या आधाराने, कोणालाही वापरून पाहता येते. पुढे ती एकाच उदाहरणाच्या आधारे मांडली आहे.

प्रश्न लहान करावा

‘मराठी कशी बदलली?’ हा प्रश्न अभ्यासाच्या उपयोगाचा नाही. ‘पुसणे हा शब्द कुठून आला?’ हा त्याहून बरा असला तरी अपुराच आहे, कारण एकट्या शब्दाबद्दल कोणतीही गोष्ट रचता येते आणि ती खोटी ठरवायला काही साधन उरत नाही. अभ्यासक म्हणून शब्दाऐवजी ध्वनी निवडावा. आपण ‘स’ आणि ‘श’ निवडू, आणि प्रश्न असा ठेवू : मराठीच्या घरगुती शब्दांतील स किंवा श यांच्या जागी शेजारच्या भाषांत काय आढळते? एका ध्वनीबद्दलचे विधान वीस-पंचवीस शब्दांवर तपासता येते, आणि तपासता येणे हीच येथे पहिली अट आहे.

साधने फार लागत नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारित दुसरी आवृत्ती १८५७), दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) आणि राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६२ ते १९६६) एवढे हाताशी असले तर काम चालते. हे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाचा १९२० मध्ये प्रसिद्ध झालेला, मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ पाहावा; त्याचे मराठी भाषांतरही झालेले आहे.

यादी करताना कोणते शब्द घ्यावेत

शेत, स्वयंपाक, शरीर, नाती, प्राणी, संख्या या वर्तुळातले शब्द घ्यावेत. हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी आलेले असतात, त्यामुळे त्यांवर बदलाचे सगळे घाव उमटलेले असतात. ‘क्षेत्र’, ‘रक्षण’, ‘शिक्षक’ असे तत्सम शब्द पंडितांनी संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहेत. त्यांनी हा प्रवास केलेलाच नाही, म्हणून त्यांना यादीबाहेर ठेवावे. ‘शहर’, ‘सरकार’, ‘स्टेशन’ हेही बाहेर. गाळून उरलेल्या शब्दांसमोर हिंदी, गुजराती आणि कोकणी यांचे रकाने आखावेत. सगळे रकाने भरणार नाहीत, आणि रिकामी जागा भरण्यासाठी ओढूनताणून शब्द आणू नयेत. उसाला गुजरातीत ‘शेरडी’ म्हणतात; तो वेगळ्याच कुळातला शब्द आहे, म्हणून तो रकाना कोराच ठेवायचा.

अशी यादी केल्यावर मराठी आणि हिंदी यांच्या जोड्या दोन गटांत पडतात. पहिल्या गटात मासा : मछली, सहा : छह, सुरी : छुरी, साल : छाल, सावली : छाँव, पुसणे : पूछना, आणि दुसरे पुसणे : पोंछना. दुसऱ्या गटात शेत : खेत, माशी : मक्खी, ऊस : ऊख किंवा ईख, कूस : कोख. म्हणजे मराठी स किंवा श यासमोर हिंदीत कधी छ येतो, कधी ख. गुजरातीही हिंदीसारखीच वागते : पूछवुं, छ, छरी एकीकडे, खेतर, माखी, कूख दुसरीकडे. कोकणी मात्र मराठीच्या पंक्तीला बसते. तिथे सहाला ‘स’ म्हणतात आणि शेताला ‘शेत’च.

येथे एका सवयीपासून सावध राहावे लागते. दोन शब्द सारखे दिसणे हा पुरावा नव्हे. फारसीतील ‘बद’ आणि इंग्रजीतील ‘बॅड’ यांचा उच्चार जवळजवळ सारखा आणि अर्थही एकच, तरी त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. उलट ‘शेत’ आणि ‘खेत’ यांचे पहिले व्यंजनच जुळत नाही, तरी ते सख्खे भाऊ आहेत, कारण श आणि ख यांची तीच तफावत माशी, ऊस, कूस यांतही त्याच जागी पुन्हा पुन्हा भेटते. नियमितपणे येणारी तफावत ही योगायोगाने आलेल्या साम्यापेक्षा कितीतरी मोलाची असते. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याबद्दल केलेले विधान प्रसिद्ध आहे; पण त्या विधानाला शास्त्राचे रूप आले ते पुढच्या शतकात, याकोब ग्रिम आणि फ्रांझ बोप यांच्या पिढीने अशा नियमित तफावतींच्या याद्या केल्यावर.

दोन गट एका ओळीत लावणे

आता प्रश्न असा की मराठीत एकच ध्वनी आणि हिंदीत दोन, यांपैकी जुनी स्थिती कोणती? एकाचे दोन झाले असतील, तर कोणत्या शब्दात छ आणि कोणत्यात ख हे हिंदीने कशाच्या आधारावर ठरवले ते सांगावे लागेल. असा आधार दिसत नाही. दोनाचे एक झाले असतील तर काहीच अधिक सांगावे लागत नाही. म्हणून मूळ दोन वेगळे ध्वनी होते आणि मराठीत ते मिसळले, असे गृहीत धरून पुढे जावे. तौलनिक पद्धतीचा गाभा एवढाच आहे, आणि तो जुनी पोथी न उघडताही हाती येतो.

आपल्या सुदैवाने पोथ्या आहेत. दुसऱ्या गटातील शब्दांची संस्कृत रूपे पाहा : क्षेत्र, मक्षिका, इक्षु, कुक्षि. सगळ्यांत क्ष आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात क्ष चा सामान्यतः ख होतो असे सांगून, काही शब्दांत मात्र छ होतो म्हणून त्यांची स्वतंत्र यादी दिली आहे. त्या यादीत छेत्त, मच्छिआ, उच्छु, कुच्छि हे चारही आहेत. पहिल्या गटातील शब्दांत छ आधीपासूनच होता : मच्छ, छ, पुच्छइ.

चित्र असे जुळते. आपल्या भागातील प्राकृतात क्ष चा छ झाला आणि हे शब्द मूळच्या छ असलेल्या शब्दांना येऊन मिळाले. त्यानंतर छ चा स झाला आणि दोन्ही गट एकत्रच पुढे सरकले. हा क्रम उलटा असू शकत नाही. छ चा स आधी होऊन गेला असता आणि क्ष चा छ नंतर झाला असता, तर आज आपण ‘छेत’ आणि ‘माछी’ म्हणत असतो. एकही सन ठाऊक नसताना दोन घटनांचा आगेमागे असा क्रम लावता येतो, त्याला सापेक्ष कालक्रम म्हणतात. माझ्या मते या विद्येतला हा सर्वांत समाधान देणारा भाग आहे.

आजच्या रूपांत लपलेला पुरावा

जुन्या ग्रंथांकडे वळण्यापूर्वी आपल्याच तोंडातली रूपे ऐकावीत. ‘ऊस’ आणि ‘कूस’ हे शब्द आज यमकात बसतात. पण त्यांना प्रत्यय लावून पाहा : ‘उसात’, परंतु ‘कुशीत’. आई लेकराला कुशीत घेते, ‘कुसात’ घेत नाही. एकाच साच्यातल्या दोन शब्दांची सामान्यरूपे वेगळी का? उत्तर प्राकृतात आहे. एकाच्या शेवटी उ होता, उच्छु. दुसऱ्याच्या शेवटी इ होती, कुच्छि. शब्दाच्या शेवटचे हे ऱ्हस्व स्वर मराठीत गळून पडले आणि आधीचा स्वर लांबला, म्हणून प्रथमेत दोघे एकसारखे दिसू लागले. प्रत्ययापूर्वी मात्र इ च्या आठवणीने ई टिकली, आणि तिच्या शेजारामुळे स चा श झाला. शेकडो वर्षांपूर्वी नाहीसा झालेला स्वर आपण रोज, नकळत, उच्चारतो.

भाषेच्या आतल्याच विसंगतीवरून तिचे जुने रूप काढण्याच्या या पद्धतीला अंतर्गत पुनर्रचना म्हणतात. याच वाटेने आणखी जोड्या शोधता येतात. ‘पाऊस’ पण ‘पावसात’, ‘देऊळ’ पण ‘देवळात’. यांतील देऊळ म्हणजे देवकुल, देउल. ‘मासा’ पण ‘माशाला’, ‘पैसा’ पण ‘पैशाला’. पैसा हा शब्द शेताइतका जुना नाही, तरी त्यालाही श चा फेरा चुकलेला नाही, म्हणजे सामान्यरूपात स चा श करण्याची खोड मराठीने पुढेही सोडलेली नाही. ‘मासे’, ‘पैसे’ ही अनेकवचने मात्र स धरून आहेत. एकवचनाच्या ओढीने, म्हणजे सादृश्यामुळे, तो टिकला असावा.

जुने मजकूर वाचताना

अनुमान कितीही नेटके असले तरी लेखी पुराव्याशी ते ताडून पाहावे. पसायदान सर्वांना पाठ असते, म्हणून तेच घ्यावे. ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें । तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥’ यातल्या प्रत्येक शब्दाखाली आजचे रूप लिहीत जावे. ‘देवें’ म्हणजे देवाने, ‘येणें’ म्हणजे याने, ‘तोषोनि’ म्हणजे तोषून, ‘मज’ म्हणजे मला. ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. त्यातला स्वरांमधला द प्राकृतातच गळाला होता. पुढे ‘खळांची व्यंकटी सांडो’ येते. आज सांडते ते दूध किंवा पाणी. तेव्हा सांडणे म्हणजे सोडून देणे, म्हणजे येथे ध्वनी तसाच राहिला आणि अर्थ सरकला. आणि ‘जो जें वांछील तो तें लाहो’ या ओळीत ‘लाहो’ हे लभ् धातूचे घासून आलेले रूप आहे, तर ‘वांछील’मधला छ शाबूत आहे. तो शाबूत का? कारण तो संस्कृतातून सरळ उचललेला शब्द आहे. घरगुती वाटेने आलेल्या शब्दात तेथे स भेटला असता.

येथे एक पथ्य आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये, सांगितली गेली; परंतु एकनाथांनी तिची प्रत शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, शुद्ध केली, आणि त्यानंतरही नकलाकारांनी ओळखीची रूपे नकळत आत सोडली. वि. का. राजवाडे यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरीच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरण लिहिले ते याच काळजीपोटी. बाजारात मिळणाऱ्या छापील प्रतीवरून तेराव्या शतकातील उच्चाराबद्दल विधान करणे धोक्याचे असते. शिलालेखाचे तसे नसते. दगडावरचा मजकूर कोणी सुधारत बसत नाही. मात्र तो त्रोटक असतो आणि त्याचा काळही पुष्कळदा वादग्रस्त असतो. श्रवणबेळगोळच्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ या ओळीच्या काळाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. तरी ‘चावुण्डराजें’मधला एं हा प्रत्यय आणि ‘देवें’मधला एं यांची जोडी लागते, हे वहीत नोंदवण्याजोगे आहे.

लेखनही फसवते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च चे उच्चार वेगळे आहेत, पण अक्षर एकच. उलट जुन्या छापील पुस्तकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘केळें’ यांवर अनुस्वार दिसतात. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. शाळकरी मुलांची त्यात सोय झाली हे खरे. पण ते अनुस्वार निरर्थक नव्हते. ग्रामातला, नामातला म हा व मध्ये विरघळताना नाकातला जो आवाज मागे ठेवून गेला, त्याची ती खूण होती. ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी हा फरक त्यामुळे डोळ्यांना दिसत असे. कोकणीत हे अनुनासिक स्वर अजून कानालाही ऐकू येतात.

अपवाद लपवू नयेत

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. १८७० च्या दशकात लाइपझिग येथील तरुण अभ्यासकांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतात असा हट्ट धरला. तो हट्ट शब्दशः खरा आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण कामाची शिस्त म्हणून तो फार उपयोगी पडतो, कारण त्यामुळे प्रत्येक अपवादाचा जाब मागावा लागतो.

आपला पहिला आरोपी आहे ‘विंचू’. हिंदीत बिच्छू, तर मराठीत ‘विसू’ का नाही? अनुस्वारामुळे, असे म्हणावेसे वाटते. पण पोंछनाच्या मागच्या ‘पुंछइ’मध्येही अनुस्वार होता आणि त्याचे पुसणे झालेच. खरे कारण असे की वृश्चिकाचे ‘विंचुअ’ असे च चे रूप प्राकृतातच होते आणि हेमचंद्राने ते नोंदले आहे. मुळात छ नव्हताच, तर त्याचा स कसा होणार? अपवाद नियमाचा नव्हता, आपण मूळ रूप चुकीचे धरले होते.

दुसरी टोळी मोठी आहे : लाख (लक्ष), राखणे (रक्ष्), भीक (भिक्षा), शिकणे (शिक्ष्), तिखट (तीक्ष्ण). येथे क्ष चा छ न होता ख झाला. भीक आणि शिकणे यांत पुढे त्यातला ह कारही गेला. हे शब्द ख असलेल्या शेजारच्या बोलींतून आले असावेत, असे एक स्पष्टीकरण आहे. लाख व्यापाऱ्यांबरोबर, आणि भीक व शिकणे भिक्खूंबरोबर फिरले असतील, ही कल्पना मोहक आहे. पण ती वहीत ‘शक्यता’ या शीर्षकाखालीच लिहावी. तिसरी टोळी ‘छाती’, ‘छत्री’, ‘छापणे’ यांची. यांत छ टिकला आहे, म्हणजे छ चा स होण्याचा काळ सरल्यावर ते बाहेरून आलेले असणार. अपवादच येथे कालनिर्णयाला मदत करतो.

उसन्या शब्दांची मदत आणखी एका तऱ्हेने होते. बटाटा, अननस, पपई ही फळे-कंदमुळे अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, तेव्हा त्यांची नावे १४९८ पूर्वी आपल्याकडे असणे शक्य नाही. ‘पाव’, ‘पगार’, ‘चावी’ हेही पोर्तुगीजच. मात्र उसनवारी केवळ शब्दांची नसते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड आणि उर्दू यांचा अभ्यास करून १९७१ मध्ये दाखवले की तिथल्या भाषांनी आपापले शब्द राखले, पण वाक्यरचना इतकी जवळ आणली की शब्दाखाली शब्द ठेवून भाषांतर करता यावे.

आज चालू असलेला बदल

बदल फक्त पोथ्यांत नसतो. ‘तो म्हणाला की’ या जागी ‘तो बोलला की’ हे रूप, विशेषतः मुंबईकडे, सर्रास ऐकू येते. त्याची मोजणी करायची असेल तर प्रश्नावली वाटू नये. ‘तुम्ही काय म्हणता?’ असे विचारले की लोक पुस्तकी उत्तर देतात. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत चौथ्या मजल्यावरच्या वस्तूंची चौकशी करून, विक्रेत्यांच्या तोंडून ‘फोर्थ फ्लोअर’मधला र त्यांच्या नकळत ऐकला होता. आपण तेवढे चतुर नसलो तरी चालेल. रेकॉर्डिंगची परवानगी घेऊन एखाद्या लग्नातील गोंधळाची, गाडी चुकल्याची किंवा भांडणाची हकिकत सांगायला लावावी. त्यात ‘कोण काय म्हणाले’ हे दहा वेळा येतेच. वीस वर्षांचे, चाळिशीतले आणि सत्तरीपुढचे असे सारख्या संख्येने लोक निवडावेत, आणि प्रत्येक हकिकतीत दोन्ही क्रियापदे किती वेळा आली ते मोजावे. वृद्धांत ‘बोलला’ कमी आणि तरुणांत जास्त आढळले, तर बदल चालू असल्याचा तो संकेत आहे. पण वय वाढल्यावर माणसे बोलणे पालटतात अशीही शक्यता असते, म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहावे. आपल्या गावची बोली शेजारच्यांपेक्षा वेगळी आहे का हे पाहण्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने महाजालावर ठेवलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण उपयोगी पडते. त्यात लोकांची प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे ऐकता येतात.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक शब्दाचे वेगळे टिपण करावे. त्यात आजचे रूप, सामान्यरूप, भगिनी-भाषांतली रूपे, जुन्या मराठीतील आढळ आणि प्राकृत रूप या क्रमाने लिहावे. कोठेही लिहिलेले आढळत नाही पण तुलनेवरून ठरवले आहे अशा रूपाआधी तारका द्यावी, म्हणजे पुरावा कुठे संपतो आणि अनुमान कुठे सुरू होते हे वाचणाऱ्याला दिसते. दोन अर्थांचा एक शब्द दिसला तर आधी दोन टिपणे करावीत. ती एकत्र करणे नंतर केव्हाही जमते.

सुरुवातीच्या शब्दाची टिपणे त्यामुळे अशी होतील. पुसणे (१), विचारणे : हिंदी पूछना, गुजराती पूछवुं, प्राकृत पुच्छइ, संस्कृत पृच्छति, छ चा स नियमानुसार. पुसणे (२), स्वच्छ करणे : हिंदी पोंछना, प्राकृत पुंछइ, संस्कृत प्र आणि उञ्छ्, छ चा स नियमानुसार, अनुनासिक लोपले. मराठीत दोन्हींचा उच्चार एक झाला, आणि त्यानंतर पहिल्याचे बरेचसे काम ‘विचारणे’ने घेतले.